चराचं दार आणि हमीदभाईंचं भेव

मुकुटबनकडून येणारा डांबरी रस्ता मधेच एका ठिकाणी संपतो. तिथून पुढे चार किलोमीटर रस्त्याची नुसती आठवण आहे, आणि त्या आठवणीच्या शेवटी आमचं गाव. या गावात शूर माणसांचा तोटा कधी पडला नाही. एकाने वाघाला लाथ घातली आहे. (वाघ झोपलेला होता असं त्याची बायको सांगते, पण लाथ ती लाथच.) दुसरा एकजण पुरातून म्हशीच्या पाठीवर उभा राहून, बिडी ओढत पलीकडे गेला आणि बिडी विझली नाही. आणि वासुदेव पाटलांनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की तीन वावरं पलीकडचा बैल आपोआप जुवाखाली मान घालायचा.

अशा गावात हमीदभाई पंपवाले राहात होते, आणि सगळ्या झरी तालुक्यात त्यांच्याइतका भित्रा माणूस झाला नाही.

मी तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. वाढवून लिहिणं हाच माझा धंदा. धुरा वीतभर सरकला तर मी हातभर लिहितो, कारण साहेब लोक अर्धं कापूनच वाचतात. तुम्हीही माझं बोलणं अर्धं कापून वाचा, माझी हरकत नाही. फक्त हमीदभाईंच्या भेवाला कात्री लावू नका. ते मी आधीच निम्मं करून सांगतो आहे.

माणूस शिडशिडीत. मान बगळ्यासारखी, आणि सारखं मागे वळून बघण्याने ती थोडी डावीकडे फिरूनच बसलेली. पाल, पोलीस, स्टॅम्पपेपर, एका शिंगाची बकरी, अनोळखी नंबरचा फोन, लग्नातला बँड, सगळ्याचं त्यांना भेव. फोन वाजला की ते आधी फोनपासून दोन पावलं लांब व्हायचे आणि तिथून "कोन हाय?" विचारायचे. त्यांच्या बायको, आमच्या भाभी, म्हणायच्या, "ये आदमी अपनी छाव को भी रस्ता देता. बोलता, पैले तू जा."

आणि धंदा कोणता? तर विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचा.

नाल्याकाठी गावाचा खालचा टोला आहे. वीस-बावीस घरं, बहुतेक मजुरांची आणि कोलामांची, त्यातच हमीदभाईंचं घर आणि पुढच्या ओसरीत मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचं, दुकान. त्यांना मोटार दुरुस्तीला वावरात न्यायचं म्हणजे वरात न्यायची. आधी खांबावरचा फ्यूज काढायचा, तो त्यांच्या खिशात द्यायचा. मग खांबापाशी एक माणूस उभा करायचा आणि त्याच्याकडून त्याच्या आईची शपथ घ्यायची की कोणाला जवळ येऊ देणार नाही. मग पायाखाली लाकडी फळी, फळीवर रबराच्या चपला, आणि त्या चपलांवर चपला घातलेले हमीदभाई. एवढं करून ते मोटारीला हात लावायचे तो उलटा, बोटांच्या पाठीकडून. तळहाताने लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटका खाऊन मागे येतो.

लोक हसायचे. पण त्यांच्या उमेदीच्या काळात आमच्या भागात चार मोटारमिस्त्री होते. बाकीचे तीन धाडसी होते. तिघांच्याही बायकांचे मदतीचे अर्ज मीच लिहिले.

"भेव म्हंजे काय, भाऊ?" हमीदभाई मला म्हणायचे. "मीटर हाय ते. देवानं फुकट देल्लं. काटा हालला का हात मांगं घ्याचा. लोकायनं आपापले मीटर फोडून टाकले, अन् मले म्हंते भेकड्या."

एकदा वासुदेव पाटलांच्या विहिरीवर मोटार बंद पडली. फ्यूज खिशात, माणूस खांबापाशी, फळी खाली, सगळं शास्त्रोक्त. तरी हमीदभाई हात लावेनात. अर्धा तास झाला, तास झाला. कापसाची पऱ्हाटी निंदणाऱ्या दहा-बारा बाया कामं सोडून बघायला आल्या.

"फ्यूज तुह्याच खिशात हाय ना बे?" पाटील गरजले.

"हो, पाटील."

"मंग करंट का तुह्या खिशातून येईन?"

"मले ठाव नाई. पन आंग शहारून राह्यलं."

"आंग शहारते तं घोंगडं घे! सरक तिकडं." आणि पाटील स्वतःच मोटारीकडे वाकले. हमीदभाईंनी मागून झडप घातली. हातात धोतर आलं, ते त्यांनी असं ओढलं की पाटील जागच्या जागी दोन गिरक्या घेऊन कापसाच्या ओळीत बसले आणि धोतर सगळंच्या सगळं हमीदभाईंपाशी राहिलं. बाया पदर तोंडात कोंबून पळाल्या. पाटील बोलणार, इतक्यात हमीदभाईंनी लांब काठीला बांधलेल्या बल्बच्या दोन वायरी मोटारीला टेकवल्या.

बल्ब लागला.

पलीकडच्या वावरातून कोणीतरी दुसऱ्या खांबावर चोरून आकडा टाकला होता आणि वीज उलट्या बाजूने मोटारीत येऊन बसली होती. आकडा कोणी टाकला ते मी सांगणार नाही, तो अजून माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतो. बल्ब दुपारच्या उन्हात पिवळा जळत होता. शेवटी पाटील म्हणाले, "धोतर दे इकडं." बस्स. त्या दिवसापासून पाटलांनी दुसरा मिस्त्री बोलावला नाही, आणि हमीदभाईंशी सरळ तोंडाने बोललेही नाहीत.

तर असं हे भेव. पण या सगळ्या भेवांचा राजा एकच होता, पाणी. तेही वाहणारं नव्हे. "वाह्यतं पानी बोलते, भाऊ. उभं पानी इचार करते," ते म्हणायचे. नाला फुगून टोल्याशी थबकला की हमीदभाई ओसरीत बसून त्याच्याकडे असे बघायचे जसं कोणी आपल्याविषयी कुजबुजणाऱ्या माणसांकडे बघतं.

आणि नेमका गावात भांडणाचा विषय निघाला तो पाण्याचाच.

वरच्या अंगाची काळी जमीन चिबडली होती. तीन वर्षं लागोपाठ पावसाची झड लागली आणि वावरांनी पाणी सोडणंच बंद केलं. पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडून मरायची. चिखल असा, की माझा बैल आत गेला तेव्हा बैल होता, बाहेर आला तेव्हा पायांवरून हत्ती वाटत होता. तेव्हा वासुदेव पाटलांनी बासष्ट शेतकऱ्यांच्या सह्या गोळा केल्या. अर्ज असा की, हा सगळा पट्टा सरकारने निचरा क्षेत्र म्हणून जाहीर करावा, सगळ्यांच्या वावरांतून एक मोठा चर खणावा, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, समिती नेमावी, आणि चराचं पाणी टोल्याजवळ नाल्यात सोडावं. अर्ज मी लिहिला. जीव ओतून लिहिला, कारण बासष्टात माझेही दोन एकर होते.

चौथ्या दिवशी हमीदभाई लिंबाखाली आले. टेबलापासून दोन हात लांब उभे राहिले, कारण टेबलावर स्टॅम्पपेपर होता.

"भाऊ, त्या चरावर हरकत लिवून देता का?"

"काहून?"

"पैनगंगा भरली का आपला नाला मांगं फुगते. त्याचं पानी जात नाई, उभं राह्यते. अशा टायमाले वरून बासष्ट वावरांचं पानी चरातून एकदम आलं, तं ते जाईन कुठं? आज ते झिरपत झिरपत दोन दिवसानं येते. चर झाला का दोन घंट्यात येईन. नाल्यात जागा नाई. मंग टोल्यात येईन ना."

मी हरकत लिहिली. एका हाताने फिर्याद, दुसऱ्या हाताने जबाब. दोन्हीकडे अक्षर एकच. पण लिहिताना माझा हात थोडा जड झाला, हे कबूल करतो. माझं सोयाबीन त्यांच्या दाराशी भांडत होतं.

पहिली सुनावणी उपविभागीय अधिकारी मॅडमपुढे झाली. बाई तरुण होत्या, चष्म्यावरून बघायच्या. हमीदभाई दाराशी चपला काढून अनवाणी आत गेले. पुढे दोन वर्षं ते कोर्टाच्या प्रत्येक दाराशी चपला काढत राहिले, वणी असो का यवतमाळ. मी हरकतीत दहा कलमं लिहिली होती, एकाहून एक. मॅडमनी विचारलं, "तुमचं मुख्य म्हणणं काय?"

हमीदभाईंच्या डोक्यातून दहाही कलमं उडाली. ते म्हणाले, "भेव लागते, मॅडम."

सगळी खोली हसली. पाटलांच्या बाजूचे वकील उठून म्हणाले, "भीती हा पुरावा नाही, मॅडम. नाहीतर गावात एक विहीर खणली जाणार नाही." आणि त्यांचंही खरंच होतं. चिबडलेल्या वावरावर पोट असणारी बासष्ट घरं होती. मॅडम हसल्या नाहीत. "पुरावा आणा," एवढंच म्हणाल्या.

मग स्थगिती आली, स्थगितीवर हरकत आली, हरकतीवर अपील. कागद नागपूरपर्यंत फिरून आले. माझ्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून केला नसेल एवढा प्रवास त्या फायलीने केला. शेवटी प्रकरण परत मॅडमपुढे, आणि प्रश्न तोच, पुरावा.

पुरावा होता. नाल्याच्या काठावर एक बाभूळ आहे. दरवर्षी पूर ओसरला की पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे हमीदभाई बाभळीला चिंधी बांधायचे, भाभींच्या जुन्या हिरव्या ओढणीची. किती भ्यायचं याचा अंदाज राहावा म्हणून. अकरा वर्षांच्या अकरा चिंध्या. असा पुरावा सरकारकडेही नव्हता.

पण आमच्याकडे झाडाला हिरवी चिंधी दिसली की बाई विचारत नाही ती कोणी बांधली. ती हात जोडते. कोणा एकीची हरवलेली म्हैस होती. तिने बाभळीला चिंधी बांधली आणि म्हैस संध्याकाळी घरी आली. (म्हैस रोजच संध्याकाळी घरी येते, पण हे कोणाला सांगणार?) मग लग्नवाल्या आल्या, परीक्षावाले आले, बदलीसाठी एक मास्तर येऊन गेले. हिंदूंनी बांधल्या, मुसलमानांनी बांधल्या. काठेवाडी उंटवाले चाऱ्यासाठी उतरले होते, त्यातल्या एकाने उंटावर बसून बांधली. आपलं झाड असं बहरताना हमीदभाईंना दिसत होतं, पण नवसाची चिंधी सोडायचं त्यांना भेव आणि बांधणाऱ्याला हटकायचंही भेव. पंचनाम्याच्या दिवशी बाभळीला पानं कमी आणि चिंध्या जास्त होत्या.

मॅडम टेप घेऊन झाडापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. "यातल्या पुराच्या कोणत्या?"

पाटलांच्या वकिलांना तर सणच झाला. "मॅडम, ती वरची चिंधी पुराची धरली तर त्या साली आपली कचेरीही वाहून गेली असणार. शिवाय झाड वाढतं. झाडाबरोबर चिंधीही वर सरकते."

मागून वासुदेव पाटील पुटपुटले, "झाड शेंड्याकडून वाढते, साहेब. चिंधी नाई सरकत." वकिलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं घरच्या कुत्र्याने चावावं. पाटलांनी मान फिरवली. कुळंबी माणूस केस हरेल, पण झाडाविषयी खोटं ऐकून घेणार नाही.

हमीदभाईंच्या वकिलांनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. "चाचा, ती डोक्याइतकी उंच हिरवी आहे ना, ती दाखवा. कोणाला कळतंय? केस तुमची." मीही मान हलवली. खोटं असलं तरी मोजकंच होतं. मी रोज याहून जास्त लिहितो.

हमीदभाई झाडाकडे गेले. पाय असे कापत होते की पायजम्याला वारा लागल्यासारखं वाटत होतं. ते वाकले, चिंध्यांच्या गर्दीतून बोटं घालून खाली खाली गेले, आणि एका विटक्या तुकड्याला धरून म्हणाले, "हे. पाच सालाखालचं. सगळ्यात मोठा पूर. माह्या कमरेइतका."

"याच्या वर पाणी कधी आलं नाही?"

"नाई, मॅडम." त्यांनी नाल्याकडे पाहिलं. "अजून नाई."

हमीदभाईंच्या वकिलांनी फाईल बंद केली. कमरेइतक्या पाण्यात कोण बुडतं? घरं तर जोत्यावर होती. केस संपली असंच आम्ही समजलो. पण मॅडम किती तरी वेळ त्या चिंधीकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी टेपने दुसरी एक उंची मोजली. बाभळीच्या बुडापासून टोल्याच्या पहिल्या उंबऱ्याची. उंबरा त्या कमरेइतक्या चिंधीपेक्षा फक्त चार बोटं वर निघाला.

आदेश आला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या, त्यावरून तो बरोबर असावा. निचरा क्षेत्र मंजूर, चर मंजूर. पण टोल्याच्या वरच्या अंगाला चरावर एक लोखंडी दार बसवायचं, वर चाक असलेलं. नाला ठरलेल्या दगडापर्यंत चढला की चाक फिरवून दार खाली सोडायचं, आणि नाला उतरायला लागेपर्यंत उघडायचं नाही. वरच्या वावरांत पाणी साचलं तरी. दारावर माणूस कोण, यावर पुन्हा वाद झाला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या गावात पाण्याला सगळ्यात जास्त कोण भितं?"

बासष्ट वरचे आणि वीस-बावीस घरं खालची, त्या प्रकरणात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. सगळी बोटं एकाच माणसाकडे.

"मले त्या दाराचंबी भेव लागते, मॅडम," हमीदभाई म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

चर झाला आणि वरचा पट्टा सुधारला, हे सांगितलंच पाहिजे. माझ्या दोन एकरांत त्या साली सोयाबीन असं आलं की शेंगांच्या भाराने धुरा वाकला. पाटलांच्या चाळीस एकरांची गोष्टच सोडा. पहिला पावसाळा दाराची गरजच पडली नाही. तरी हमीदभाई रोज सकाळी जाऊन चाक फिरवून दार खाली-वर करायचे, ग्रीस लावायचे, आणि उलट्या हाताने दाराला शिवून यायचे, करंट नसताना. लोक दार विसरले. खरं सांगायचं तर मीही विसरलो.

दुसऱ्या वर्षी झड लागली.

इथून पुढे मात्र कात्री खाली ठेवा. यात मी काही वाढवलेलं नाही. भ्यालेल्या माणसाला वाढवून सांगता येत नाही.

पाच दिवस सूर्य दिसला नव्हता. सहाव्या दिवशी सकाळी नाला दगडापर्यंत आला आणि हमीदभाईंनी दार सोडलं. दहा वाजेपर्यंत वरची वावरं भरू लागली. अकराला माझ्या सोयाबीनचे फक्त शेंडे दिसत होते. आम्ही तीसेक जण खाली निघालो, पुढे वासुदेव पाटील, तिघांच्या हातात सब्बल, लोखंडी पहार. मीही होतो. माझ्या हातात छत्री होती, पण मी सब्बलवाल्यांच्याच बाजूने चालत होतो.

दारावर, चाकापाशी, दोन फळ्यांच्या अरुंद पुलावर हमीदभाई एकटेच बसलेले. दोन्ही हातांनी चाक धरलेलं. सरळ हातांनी, मूठ आवळून. त्यांच्या आमच्याकडच्या बाजूला चराचं पाणी दाराच्या वरच्या कडेपासून टीचभर खाली आलं होतं आणि लोखंड आतून कोणी धक्के दिल्यासारखं कुरकुरत होतं.

"उघड!" पाटलांची हाक. त्या हाकेने बैल वाकायचे. हमीदभाई चाकावर आणखी वाकले.

"नाला उतरला नाई, पाटील."

"माह्यं चाळीस एकर सडून राह्यलं! दोन दिवस पानी राह्यलं तं एक दाना हाती लागत नाई. तुले समजते का?"

"समजते."

"मंग?"

"मले घरी जाचं हाय, पाटील." दात वाजत होते, शब्द तुटून येत होते. "सकाळपासून जाचं हाय. पाय उठत नाई. तुमी या, तुमी धरा हे चाक. मी जातो. मले लय भेव लागून राह्यलं."

"ऊठ मंग!"

"उठलो तं तुमी उघडता."

मागून कोणी ओरडलं, "उचला त्याले!" सब्बलवाले दोन पावलं पुढे झाले. मी काही बोललो नाही. हे मी कुठल्याच अर्जात लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. माझे दोन एकर डोळ्यांपुढे होते आणि मी काही बोललो नाही.

पाटलांनी हाताने सगळ्यांना थांबवलं, एकाची सब्बल घेतली आणि स्वतः फळीवर चढले. हमीदभाईंनी डोळे मिटले, चाक सोडलं नाही. पाटील त्यांच्या डोक्याशी उभे राहिले. सब्बल चाकात घालायला वाकताना त्यांची नजर दाराच्या पलीकडे, टोल्याच्या बाजूला गेली.

तिकडचं आम्हाला दिसत नव्हतं. पाटील तसेच वाकलेले राहिले. मग हळूच सब्बल फळीवर ठेवून दिली आणि खाली बसले. मी काठावरून चढून गेलो, तेव्हा मलाही दिसलं. नाला कुठे वाहतच नव्हता. लाट नाही, आवाज नाही. तांबडं पाणी कडेपासून कडेपर्यंत थांबलं होतं आणि त्याची कड टोल्याच्या पहिल्या उंबऱ्याला टेकली होती. उंबऱ्याच्या आत भाभी उभ्या होत्या, दोन्ही हातांत कुराणाचं कापडी बासन डोक्याइतकं उंच धरून. बाकीच्या घरांच्या दारांत बाया, म्हातारे, कडेवर लेकरं. कोणी ओरडत नव्हतं. जायला रस्ता नव्हता. रस्ता पाण्याखाली होता. ते सगळे दाराकडे बघत होते. आणि पाणी, काय सांगू, पाणी खरंच विचार करत होतं.

आमच्यापैकी कोणी पुढे गेलं नाही. पाऊस चालू होता. वरची वावरं बुडत होती आणि आम्ही तीस माणसं बांधावर बसून राहिलो.

दुपार ढळल्यावर उंबऱ्याखालच्या जोत्यावर ओल्या मातीची एक रेघ दिसली. करंगळीएवढी. मग दोन बोटं. नाला उतरू लागला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. हमीदभाईंना त्याच संध्याकाळी ताप चढला. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाने नागपूरला नेलं, तिथून ते परत आले नाहीत. वरच्या पट्ट्याचं पीक गेलं ते गेलंच. नुकसानभरपाईचा दावा लागला तो दारावरच्या माणसावर, आणि आता वारस म्हणून भाभींवर चालू आहे. दावा लावणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव वासुदेव पाटलांचं आहे. त्यांचे चाळीस एकर खरोखर गेले होते. टोल्याचा जबाब मी लिहितो. माझं नाव मी यादीतून काढून घेतलं आहे, पण उशिरा.

मी त्या दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत टोल्याच्या अंगणांतलं पाणी उपसायला थांबलो, पण हमीदभाईंच्या ओसरीवर जायला मला तोंड नव्हतं, त्यांना परत पाहिलं नाही. त्यामुळे माझ्यापाशी ते राहिले आहेत ते त्या फळीवरच. रेघ दिसल्यावर ते म्हणाले, "उघडा आता." पण चाक फिरेना. चाकाचा दोष नव्हता. त्यांची बोटं सुटत नव्हती. सकाळपासून आवळलेल्या मुठी लोखंडावर तशाच बसल्या होत्या, नखं पांढरी पडलेली. पाटील गुडघ्यांवर सरकत जवळ गेले. त्यांनी उजव्या हाताची करंगळी धरली, वाकवून सोडवली, आणि ती परत मिटू नये म्हणून आपल्या मुठीत धरून चोळत राहिले. मग तिच्याजवळचं बोट. मग त्याच्या पुढचं. तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या, "अबे सोड ना, भेकड्या. सोड, लेका." पावसाने दोघांच्याही टोप्या वाहून गेल्या होत्या.

हमीदभाईंचे डोळे पाण्यावरच होते. त्यांनी विचारलं, "पाटील, तुमालेबी भेव लागलं का?"

"चूप बस," पाटील म्हणाले. "आंगठा ढिला कर."